आधी मागची बाजू पाहा : हॉलिवूडच्या जुन्या स्टिल्सचा संग्रह सुरू करताना

माझ्या टेबलावर आत्ता एक फोटो आहे. आठ इंच बाय दहा इंच, काळा-पांढरा, चकचकीत कागदावरचा. दाराशी एक नट उभा, खुर्चीत एक नटी, मागे वळत वर जाणारा जिना. दोघांपैकी कुणीही फार मोठा तारा नाही. आता तो उलटा करा. निळ्या शाईत कुठल्याशा वर्तमानपत्राच्या ग्रंथालयाचा तारखेचा शिक्का. जाड पेन्सिलीने लिहिलेलं '२ कॉलम'. खाली एक पातळ, पिवळी पडलेली चिठ्ठी डिंकाने चिकटवलेली, तिच्यावर टंकलेला मजकूर: चित्रपटाचं नाव, कलाकार, स्टुडिओ. चिठ्ठीचा खालचा कोपरा फाटलाय आणि तिथे डिंकाचा तपकिरी डाग उरलाय.

मी हा फोटो घेतला तो या मागच्या बाजूसाठी. या छंदात नवीन येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो: पुढचा चेहरा कितीही आवडला तरी पैसे देण्याआधी फोटो उलटा करून पाहा. स्टिल ही शोभेची वस्तू म्हणून जन्माला आलेली नाही. ती कामाची वस्तू होती. स्टुडिओने छापली, वर्तमानपत्राला पाठवली किंवा थिएटरच्या दर्शनी फळ्यावर टाचली, आणि काम झाल्यावर बहुतेक वेळा फेकून दिली. जी उरली तिच्या अंगावर त्या कामाच्या खुणा असतात. त्या वाचता आल्या की खरं-खोटं, जुनं-नवं, महाग-स्वस्त हे सगळं हळूहळू कळायला लागतं.

स्टिल म्हणजे नेमकं काय

स्टिल म्हणजे चित्रपटातून कापून काढलेली फ्रेम, हा सर्वात मोठा गैरसमज. सेटवर स्टिलसाठी वेगळा छायाचित्रकार असे. दिग्दर्शकाचं समाधान झालं की हा छायाचित्रकार कलाकारांना तिथेच थांबवायचा आणि तोच प्रसंग पुन्हा उभा करून फोटो घ्यायचा. १९२०-३०च्या दशकांत हे काम तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्याने चाले आणि त्याची नेगेटिव्हच आठ बाय दहा इंचांची असे. ती थेट कागदावर ठेवून प्रिंट काढत. मध्ये एन्लार्जर, म्हणजे चित्र मोठं करणारं यंत्र, नाही, म्हणून बारकावे कुठे हरवत नाहीत. अशा प्रिंटवर भिंग धरलं तर कोटाच्या कापडाची वीण दिसते. पुढे हातात धरायचे चार बाय पाच इंची कॅमेरे आले, मग ३५ मिमी आलं.

फोटो वेगळा काढलेला असल्यामुळे पडद्यावर नसलेल्या गोष्टी स्टिलमध्ये सापडतात. 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) रिचर्ड थॉर्प या दिग्दर्शकाच्या हाताखाली सुरू झाला तेव्हा ज्युडी गार्लंडला सोनेरी केसांचा टोप घातला होता. ते चित्रण ऑक्टोबर १९३८ मध्ये रद्द झालं. ती सोनेरी केसांची डोरोथी, म्हणजे ज्युडीची नायिका, आज आपण पाहू शकतो ते स्टिल्समुळे. लॉन चेनी या नटाचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) तर अख्खा चित्रपटच हरवलाय. २००२ मध्ये तो टीव्हीसाठी पुन्हा उभा केला तो जुनी स्टिल्स एकापुढे एक लावून. कुणीतरी हे कागद जपले होते म्हणून हे शक्य झालं. मला या छंदाचं मोल वाटतं ते यासाठी.

प्रकार ओळखायला शिका. प्रसंगाचं स्टिल सर्वात जास्त मिळतं आणि सर्वात स्वस्त असतं. स्टुडिओच्या गॅलरीत खास प्रकाशयोजना करून काढलेलं पोर्ट्रेट महाग. ते बरेचदा जाड, मॅट कागदावर आणि मोठ्या आकारात असतं. सेटवरचे कामाचे फोटो, म्हणजे कॅमेरा, दिवे, दोन शॉट्सच्या मधे बसलेला दिग्दर्शक, हे माझे स्वतःचे सर्वात आवडते. कपडे-केशभूषेच्या चाचणीचे फोटोही असतात. त्यात नटीसमोर पोशाखाचा नंबर लिहिलेली पाटी दिसते. आणि कीबुक स्टिल: स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यात प्रत्येक चित्रपटाची एक जाड वही असे आणि त्या चित्रपटाचे फोटो तिच्यात नंबरवार लावलेले असत. तिच्यातून सुटलेल्या प्रिंटच्या डाव्या कडेला भोकं दिसतात आणि पाठीला बहुधा कापड लावलेलं असतं. नवशिके भोकं पाहून 'खराब माल' म्हणून सोडून देतात. सोडू नका. तो स्टुडिओच्या घरातला कागद आहे.

आधी अरुंद वाट निवडा

'जुनं हॉलिवूड' हा विषय नाही, तो समुद्र आहे. एक स्टुडिओ आणि पाच वर्षं घ्या, किंवा एखादी दुय्यम भूमिका करणारी नटी, किंवा एकच छायाचित्रकार. एमजीएम स्टुडिओच्या पोर्ट्रेट गॅलरीत १९२५ ते १९३० काम करणारी रूथ हॅरिएट लुईस, तिच्यानंतर आलेला जॉर्ज हरेल, ग्रेटा गार्बोची असंख्य पोर्ट्रेट्स काढणारा क्लॅरेन्स सिंक्लेअर बुल, पॅरामाउंट स्टुडिओचा यूजीन रॉबर्ट रिची, आरकेओ स्टुडिओचा अर्नेस्ट बॅक्राक. यांतल्या एकाच्याच प्रकाशयोजनेचा पाठपुरावा केलात तरी काही वर्षं सहज जातील.

सुरुवात मॅरिलिन मन्रो, गार्बो, चॅप्लिन किंवा युनिव्हर्सल स्टुडिओचे १९३०च्या दशकातले भयपट इथून करू नका. जिथे पैसा तिथे नकला. 'ड्रॅक्युला'च्या (१९३१) एका पोस्टरला २०१७ मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार ८०० डॉलर मिळाले. एवढा भाव असेल तर खोटं बनवणाराही मन लावून बनवतो. त्याच भयपटांची बनावट पोस्टर्स आणि लॉबी कार्डं (थिएटरात लावायची छापील रंगीत कार्डं) मुरलेल्या संग्राहकांना विकल्याचं प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं आणि विकणाऱ्याला शिक्षा झाली. त्याउलट १९४०च्या दशकातल्या एखाद्या विसरलेल्या वेस्टर्नचं स्टिल दहा-वीस डॉलरांत मिळतं. ते खोटं बनवण्यात कुणालाच रस नसतो, त्यामुळे शिकण्यासाठी त्याहून चांगलं काही नाही.

पुढची बाजू: कोपऱ्यातला नंबर

बहुतेक स्टुडिओ स्टिल्सवर खालच्या कोपऱ्यात बारीक पांढरा किंवा काळा नंबर असतो. तो नेगेटिव्हवरच लिहिलेला असायचा. मध्ये आडवी रेघ: आधी चित्रपटाचा नंबर, मग त्या चित्रपटातला स्टिलचा अनुक्रमांक. एमजीएममध्ये 'विझर्ड ऑफ ऑझ'चा नंबर होता १०६०. कोपऱ्यात १०६० दिसलं की चित्रपट ठरला. काही वेळा अंकांऐवजी नावाची आद्याक्षरं असतात. पॅरामाउंटने तर कलाकारांनाच 'पी'पासून सुरू होणारे स्वतंत्र नंबर दिले होते, त्यामुळे त्यांच्या पोर्ट्रेटवरून चित्रपट नाही, माणूस कळतो.

हे नंबर आणि चित्रपट यांच्या याद्या संग्राहकांनी वर्षानुवर्षं जमवून छापल्या आहेत. त्यांचा उपयोग विकत घेण्याआधी करा. विक्रेत्याने 'अनोळखी नटी, १९३०' असं लिहून ढिगात टाकलेला फोटो त्या नंबरामुळे भलत्याच दुर्मीळ चित्रपटाचा निघू शकतो. उलटही होतं: फोटो एका चित्रपटाचा म्हणून विकायला ठेवलेला असतो आणि नंबर दुसराच सांगतो. अशा वेळी मी नंबरावर विश्वास ठेवतो.

वर्तमानपत्रांच्या संग्रहातून आलेल्या स्टिल्सवर पुढच्या बाजूलाही हात चाललेला असतो. कापायच्या रेघा, केसांची कडा उठावी म्हणून लावलेला पांढरा रंग, मागचा माणूस झाकायला फासलेला राखाडी. काहींना हे विद्रूप वाटतं आणि बाजारभावही त्यामुळे उतरतो. मला मात्र त्या रंगाच्या फटकाऱ्यात संध्याकाळच्या आवृत्तीची घाई दिसते. शिकणाऱ्याने असे फोटो आवर्जून घ्यावेत; स्वस्त असतात आणि त्यांच्या अस्सलपणाबद्दल शंकेला फारशी जागा नसते.

मागची बाजू: शिक्के, चिठ्ठ्या, डाग

ती चिकटवलेली टंकलिखित चिठ्ठी म्हणजे स्नाइप. प्रसिद्धी खातं ती फोटोसोबत पाठवायचं, म्हणजे संपादकाला ओळी आयत्या मिळत. स्नाइप पूर्ण असेल तर चित्रपट, प्रसंग, कलाकार, कधी छायाचित्रकाराचं नावही मिळतं. स्नाइपवरचं चित्रपटाचं नाव अंतिम नावापेक्षा वेगळं असू शकतं, कारण चित्रीकरणाच्या वेळी नाव तात्पुरतं असे. गोंधळू नका, हा उलट जुनेपणाचा चांगला पुरावा आहे.

छायाचित्रकाराचा रबरी शिक्का असेल तर किंमत चढते, हरेलच्या शिक्क्याने तर फारच. म्हणूनच शिक्केही खोटे मारले जातात. शाई कागदात मुरलेली आहे की वर तरंगतेय ते भिंगातून पाहा. १९३०च्या दशकात प्रसिद्धीचे फोटोही हेज ऑफिसच्या, म्हणजे हॉलिवूडच्या स्वतःच्या सेन्सॉर कार्यालयाच्या, मंजुरीतून जात. काही प्रिंट्सच्या मागे त्या मंजुरीचा शिक्का सापडतो. वर्तमानपत्राचा तारखेचा शिक्का सर्वात सरळ साक्षीदार, पण त्यातही एक गोम आहे. संग्रहातला फोटो पुन्हा-पुन्हा वापरला जाई, दर वेळी नवा शिक्का पडे. सर्वात जुनी तारीख शोधा.

आपल्याकडेही अशी स्टिल्स आली होती. एमजीएमने १९३८ मध्ये मुंबईत धोबी तलावाला स्वतःचं मेट्रो थिएटर उघडलं; रीगल १९३३चं, इरॉस १९३८चं. या थिएटरांच्या दर्शनी फळ्यांवर टाचलेली स्टिल्स पुढे रद्दीत गेली आणि चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अधूनमधून वर आली. माझ्याकडे असा एक गठ्ठा आहे. चारी कोपऱ्यांना टाचण्यांची गंजलेली भोकं, एकेका कोपऱ्यात तीन-तीन, चार-चार. इतक्या वेळा हा फोटो फळ्यावर चढला आणि उतरला. परदेशी बाजारात भोकांमुळे त्याची किंमत कमी होईल. मी तो कधीच विकणार नाही.

प्रिंट कधीचा आहे, हे कसं ओळखायचं

इथे वेळ घाला, कारण फसवणूक इथेच होते आणि ती बहुतेक वेळा शब्दांच्या आडून होते. 'ओरिजिनल फोटो' या शब्दाला काहीच अर्थ नाही. कालचा प्रिंटही ओरिजिनल फोटोच असतो. 'विंटेज' म्हणजे चित्रपट आला त्या सुमारास छापलेला. 'मूळ नेगेटिव्हवरून' म्हणजे नेगेटिव्ह जुनी, कागद बहुधा नवा. 'रिइश्यू' म्हणजे चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हाचा. हा खराच असतो, फक्त उशिराचा. 'ड्यूप' म्हणजे प्रिंटचा फोटो काढून त्या नव्या नेगेटिव्हवरून केलेली नक्कल.

ड्यूप ओळखणं डोळ्यांचं काम आहे आणि दोन-चारशे फोटो हाताळले की ते जमतं. सावल्या कोळशासारख्या काळ्या होतात, त्यांच्यातले तपशील बुजतात. पांढऱ्या शर्टावरच्या चुण्या जातात. कोपऱ्यातला नंबर फुगून धूसर होतो. आणि सर्वात पक्की खूण: मूळ प्रिंटवरची घडी, ओरखडा किंवा टाचणीचं भोक ड्यूपमध्ये चित्र म्हणून येतं. डोळ्याला घडी दिसते, बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. मी पहिल्यांदा असं बोट फिरवलं तेव्हा 'फोटो वाचणं' म्हणजे काय ते मला कळलं.

कागदाची परीक्षा त्याहून सोपी. जुने प्रिंट्स कागदी तंतूंच्या कागदावर असतात. मागची बाजू कागदासारखीच लागते आणि प्रिंटला किंचित वळण येतं. रेझिनचा थर दिलेला, म्हणजे आरसी कागद, १९६०च्या दशकाच्या अखेरीनंतर रुळला. त्याची पाठ प्लास्टिकसारखी निसरडी असते आणि काहींच्या पाठीवर कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव फिकट अक्षरांत तिरपं छापलेलं असतं. १९३५चा चित्रपट आणि आरसी कागद, म्हणजे प्रिंट नंतरचा. यात वादाला जागाच नाही. मी पहिल्या वर्षी ऑनलाइन लिलावात १९३०च्या दशकातलं म्हणून एक पोर्ट्रेट चांगले पैसे मोजून घेतलं. पाकीट उघडलं, पाठीवर अंगठा फिरवला आणि तो घसरला. विक्रेत्याच्या वर्णनात मागच्या बाजूचा फोटो नव्हता आणि मी तो मागितलाही नव्हता. तेव्हापासून मागच्या बाजूचा फोटो पाहिल्याशिवाय बोली लावत नाही.

अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी विकत घ्या, नोटा तपासायला वापरतात तशी. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून उत्पादक साधारण १९५०च्या दशकापासून कागदात एक द्रव्य घालू लागले. ते या प्रकाशात निळसर-पांढरं उजळतं. अंधाऱ्या खोलीत बॅटरी मारा. १९२८ची म्हणवणारी प्रिंट लख्ख उजळली तर ती १९२८ची नाही. पण उजळली नाही म्हणून जुनीच, असंही समजू नका, कारण नंतरच्या सगळ्याच कागदांत ते द्रव्य नव्हतं. ही चाचणी नाही म्हणू शकते, हो म्हणू शकत नाही.

जुन्या प्रिंटच्या गडद भागांवर, विशेषतः कडांना, तिरक्या प्रकाशात आरशासारखी चंदेरी झाक दिसते. इमल्शनमधली, म्हणजे कागदावरच्या चित्र धरणाऱ्या थरातली, चांदी पृष्ठभागावर आल्याने ती येते. थोडी असेल तर मला आवडते. प्रिंटचं वय बोलतं. पुसायचा प्रयत्न मात्र कधीही करू नका.

लॉबी कार्ड आणि पोस्टर

स्टिल्समध्ये हात बसला की इकडे वळा. लॉबी कार्ड ११ बाय १४ इंचांचं, जाड कागदाचं, रंगीत. साधारण आठांचा संच, त्यातलं चित्रपटाच्या नावाचं कार्ड बहुधा सर्वात महाग. वन-शीट पोस्टर २७ बाय ४१ इंच, हाफ-शीट २२ बाय २८, इन्सर्ट १४ बाय ३६, विंडो कार्ड १४ बाय २२. मोजपट्टी जवळ ठेवा. पुनर्मुद्रणं या मापांत बरेचदा पाव-अर्ध्या इंचाने तरी चुकतात.

१९४० पासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत हे साहित्य मुख्यतः नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही संस्था वाटायची. तिचा नंबर खालच्या पट्टीत असतो: आधी वर्षाचे दोन अंक, तिरपी रेघ, मग क्रमांक. वर्षाच्या अंकांआधी 'आर' असेल तर ते पुनर्प्रदर्शनाचं पोस्टर. 'विझर्ड ऑफ ऑझ' १९४९ आणि १९५५ मध्ये पुन्हा लागला होता; तेव्हाची पोस्टर्स खरी आहेत, सुंदर आहेत, पण १९३९ची नाहीत, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या काळची वन-शीट पोस्टर्स घडी घालूनच थिएटरला जात. त्यामुळे घडीच्या रेषा हा दोष समजू नका. १९५०च्या वन-शीटवर एकही घडी नसेल तर आधी शंका घ्या, मग आनंद माना.

भिंगातून छपाई पाहा. छायाचित्र पुन्हा छापून केलेल्या नकलेत अक्षरांच्या कडासुद्धा रंगीत ठिपक्यांनी बनलेल्या दिसतात. अस्सल कार्डात चित्राच्या भागात ठिपके असतील, पण ठळक अक्षरं सलग शाईत आणि धारदार कडांची असतात.

सह्यांपासून जपून

सहीच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. स्टुडिओकडे चाहत्यांची पत्रं पोत्यांनी येत आणि उत्तरादाखल जाणाऱ्या फोटोंवर सेक्रेटरी सह्या करत, रबरी शिक्के मारत किंवा सही छापलेलीच असे. जीन हार्लोच्या चाहत्यांना गेलेल्या बहुतेक फोटोंवर तिच्या आईने सह्या केल्या होत्या. गार्बो सही देतच नसे म्हटलं तरी चालेल. तिची सही स्वस्तात मिळत असेल तर ती न घेता पुढे जा, थांबू नका. भिंगाखाली शाईची रेघ कागदात दबलेली दिसली पाहिजे, रेघ एकमेकीला ओलांडते तिथे शाई दाट झाली पाहिजे. पण हे झालं तरी हात कोणाचा हा प्रश्न उरतोच. सहीशिवायही फोटो घेतला असता का, हे स्वतःला विचारा. उत्तर हो असेल तर फोटोच्या किमतीला घ्या.

पोशाख आणि सेटवरच्या वस्तूंचंही तेच. तिथे वस्तूपेक्षा तिचा माग महत्त्वाचा: स्टुडिओतून कोणाकडे गेली, तिथून कुठे, कागद कुठले आहेत. १९७० मध्ये एमजीएमने आपली कोठारं लिलावात काढली तेव्हा डोरोथीच्या लाल बुटांचा एक जोड १५ हजार डॉलरना गेला. दुसरा जोड २००५ मध्ये मिनेसोटातल्या ज्युडी गार्लंड संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ मध्ये एफबीआयला सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात त्याच्यावर २ कोटी ८० लाख डॉलरची बोली लागली. तिथे माग इतका पक्का होता म्हणून हे झालं. तुमच्या-माझ्यासमोर येणाऱ्या 'सेटवर वापरलेल्या' वस्तूला असा माग नसेल तर ती फक्त एक जुनी वस्तू आहे.

कुठून आणि कसं घ्यायचं

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना सोय मोठी आहे. जुन्या घरांतल्या सामानाच्या विक्रीत स्टिल्सचे गठ्ठे निघतात, हॉलिवूडमध्ये दर वर्षी भरणाऱ्या सिनेकॉन महोत्सवात विक्रेत्यांची वेगळी दालनं असतात आणि हॉलिवूड बुलेव्हार्डवर लॅरी एडमंड्ससारखं फक्त सिनेमाचं जुनं दुकान आहे. बेव्हर्ली हिल्सला ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीची मार्गारेट हेरिक लायब्ररी आहे. तिच्यात एक कोटीहून जास्त छायाचित्रं आहेत. तिथे अस्सल प्रिंट्स पाहून आलेली नजर कुठल्याही पुस्तकाने येणार नाही.

भारतातून घेणाऱ्यांना ऑनलाइन लिलाव हाच मुख्य रस्ता. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न ठरलेले ठेवा: पाठीचा फोटो द्या, तिरक्या उजेडात पुढचा फोटो द्या, मोजून माप सांगा, कागद तंतूचा की आरसी, कुठे दुरुस्ती, कापाकापी, चिकटपट्टी आहे का, पटलं नाही तर परत घ्याल का. सरळ विक्रेता लगेच उत्तर देतो. टोलवाटोलवी झाली की मी दुसरीकडे वळतो. लिलावगृहाची दलाली, टपालखर्च आणि इथे लागणारी कस्टम ड्युटी आधीच मिळवून मगच आकडा ठरवा. दहा डॉलरचा एकटा फोटो मागवणं परवडत नाही. एकाच विक्रेत्याकडून सात-आठ घेऊन एका पाकिटात मागवा. दोन ताठ पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर प्लास्टिकचं आवरण, असं पॅकिंग लेखी मागा, कारण आपल्याकडे पाकीट जुलैत पोहोचलं तर ते भिजलेलं येऊ शकतं.

फोटो तुमचा झाला म्हणून त्यातल्या चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही, हेही लक्षात असू द्या. घरी लावा, मित्रांना दाखवा; पुस्तकात किंवा टी-शर्टवर छापण्याआधी हक्कांची चौकशी करा.

आपल्या पावसाळ्यात जपणूक

परदेशी मार्गदर्शकांत तळघरं आणि हीटर यांविषयी लिहिलेलं असतं. आपला शत्रू वेगळा आहे. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर राहते आणि फोटोला हवी ३० ते ५०.

मी एक चकचकीत स्टिल फ्रेम करून बैठकीत लावलं होतं, थेट काचेला टेकवून. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी फ्रेम उघडली तर नटाच्या खांद्याशी ओल्यासारखा दिसणारा, तळहाताएवढा डाग होता. तो डाग नव्हता. इमल्शन जिलेटिनचं असतं; दमट हवेत ते मऊ पडून काचेला चिकटलं होतं. मी कोपरा हळूच उचलला आणि नटाचा खांदा काचेवर राहिला. आजही तो फोटो माझ्याकडे आहे, अर्धा कागदावर, अर्धा काचेवर. तुमच्याबाबत असं झालं तर ओढू नका; काचेसकट जाणकाराकडे न्या. आणि मुळात होऊच नये म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी, म्हणजे माउंट, ठेवायला फ्रेमवाल्याला सांगा. भिंत पावसाच्या माऱ्याची नको आणि समोर ऊनही नको.

बाकीचे फोटो पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, एकात एक. पीव्हीसी नको, त्याला नव्या रेनकोटचा वास येतो, तोच फोटोला खातो. चिकट पानांचे अल्बम, लॅमिनेशन, चिकटपट्टी, स्टेपल, रबरबँड, टाचण्या यांतलं काहीही फोटोजवळ येऊ देऊ नका. पाकिटं आम्लरहित खोक्यात, खोकं लोखंडी कपाटात मधल्या खणात, कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे. सोबत सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बदला. एक छोटा आर्द्रतामापक आत टाका. तो महाग नसतो आणि तो खोटं बोलत नाही. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफा प्लास्टिकला आणि फोटोला बाधतात. कसर आणि वाळवी यांच्यावर खरा उपाय एकच: महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी सगळं बाहेर काढून पाहणं. हात धुऊन, कोरडे करून, फोटो कडांना धरून.

प्रिंटऐवजी जुनी नेगेटिव्ह हाती आली तर आधी कडेला 'सेफ्टी' असं लिहिलंय का पाहा. नसेल आणि ती १९५१ पूर्वीची असेल तर नायट्रेट असू शकते. नायट्रेट भयंकर पेटतं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआयच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या कोठीला आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या दुर्मीळ प्रती गेल्या. अशी नेगेटिव्ह घरातल्या कपाटात ठेवू नका, चित्रपट संग्रहालयाशी बोला.

नोंदवही पहिल्या फोटोपासून ठेवा. नंबर, चित्रपट, वर्ष, पाठीवर काय-काय आहे, कुठून, कितीला. फोटोच्या पाठीवर पेनने काहीही लिहू नका. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, कडक सपाट पृष्ठभागावर ठेवून आणि अगदी हलक्या हाताने.

पहिले तीन फोटो

आज सुरुवात करायची असेल तर एकाच पाकिटात तीन स्वस्त फोटो मागवा. एक, वर्तमानपत्राच्या संग्रहातलं १९३०-४०च्या दशकातलं प्रसंगाचं स्टिल, स्नाइप आणि शिक्क्यांसकट; चित्रपट कुठलाही चालेल. दोन, १९५०च्या दशकातलं, खालच्या पांढऱ्या पट्टीत हक्कांची ओळ छापलेलं स्टिल. तीन, १९७०नंतर छापलेला एखाद्या जुन्या चित्रपटाचा आरसी प्रिंट, तोही तसा सांगून विकलेला. तिन्ही पालथे टाका. दिवा बाजूने लावा. आधी अंगठा फिरवा, मग भिंग धरा, मग खोली अंधारी करून अतिनील बॅटरी मारा. प्रत्येकाबद्दल वहीत चार ओळी लिहा. मग सुलटे करून चेहरे पाहा.